नीट झालेली बंदूक

"द्या इकडे, मी देतो करून," असं जावईबापू म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडात अर्धं बिस्किट होतं. ते गिळून होईपर्यंत दम धरला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही त्यांची जुनी खोड. सासरेबुवांचा कपाकडे निघालेला हात थांबला, सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, आणि बायकोने तर नवऱ्याकडे असं पाहिलं, की हा आता विमानसुद्धा चालवतो म्हणेल.

विषय बंदुकीचा होता. घाबरू नका, छऱ्यांची बंदूक. नळी मधोमध मोडायची, म्हणजे आतली भलीथोरली स्प्रिंग दाबली जाते. छर्रा भरायचा, नळी सरळ करायची, घोडा ओढायचा. स्प्रिंग सुटते, आतला दट्ट्या पुढे धावतो आणि हवेच्या जोरावर छर्रा निघतो. सासरेबुवांच्या घरामागे मातीचा उंच बांध होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी तिथे ते आणि त्यांचे तीन निवृत्त दोस्त, ज्याची त्याची बंदूक घेऊन, पुठ्ठ्याच्या निशाणांवर छर्रे मारत. तीस वर्षं सासरेबुवा पहिले आले. गेली दोन वर्षं मात्र त्या दोस्तांतले पोस्टमास्तर पहिले येत होते, आणि सासरेबुवांचे छर्रे कुठे जातात ते त्या बांधालाच ठाऊक.

"स्प्रिंग म्हातारी झाली हो," सासरेबुवा सांगत होते. "ताणच उरला नाही. नाहीतर त्या पोस्टमास्तराची काय टाप होती!"

यावर मान हलवून गप्प बसायचं असतं. दोन वर्षं सगळं घर तेच करत होतं. जावईबापूंनी मात्र दुरुस्ती सुचवली.

"तुम्ही?" सासरेबुवा म्हणाले. "अहो, तुम्ही कागदाची कामं करा. हे लोखंड आहे."

आता हे लागणारच. एकोणीस वर्षांत सासऱ्यांनी या जावयाच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर दिला नव्हता. एकदा दिला होता, तो लगेच परत घेतला होता. जावईबापू एका मोठ्या कारखान्याच्या कचेरीत सुरक्षा विभागात होते. 'कठडा धरून चाला', 'फरशी ओली आहे' या पाट्यांचा मजकूर त्यांचा. माणूस पाट्या लिहितो म्हणून त्याला लोखंड कळत नाही हे कुणी ठरवलं? पण ते काही बोलायच्या आत बायकोच बोलली.

"करतात म्हणाले ना, बाबा? मग करतील. माझा शब्द."

बायकोने चारचौघांत आपली बाजू घेतली, की पुरुषाच्या डोक्यात वारं शिरतं. जावईबापूंच्या शिरलं. "पुढच्या महिन्याच्या खेळाला बंदूक अशी चालेल की पोस्टमास्तर बघतच राहतील," ते म्हणाले. "चांगली चार माणसं जास्तच बोलवा बघायला!"

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बंदूक चादरीत गुंडाळून घरी आली. जिन्यात इमारतीचे सेक्रेटरी भेटले. "काय आणलंत?" त्यांनी विचारलं. "पडद्याचा दांडा," जावईबापू म्हणाले. हे खोटं बोलायची काहीएक गरज नव्हती, पण खोटं हे असंच पटकन बाहेर पडतं आणि मग त्याच्या मागे धावत बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी 'कामाचे टप्पे व घ्यावयाची खबरदारी' या मथळ्याखाली चौदा कलमं लिहून काढली. झोपायच्या खोलीच्या दारावर 'अनधिकृत व्यक्तीस प्रवेश नाही' अशी पाटी लागली आणि खाली एक वही टांगली गेली. बायकोचं कपाट त्याच खोलीत. पहिल्या दिवशी तिने रुमाल काढायला आत जाण्यासाठी वहीत सही केली. दुसऱ्या दिवशी 'प्रवेशाचे कारण' या रकान्यात तिने जे लिहिलं, ते वाचून जावईबापूंनी वही काढून टाकली.

तळमजल्यावर एक घड्याळजी होते. पन्नास वर्षं स्प्रिंगांशी संसार केलेला माणूस. बंदूक पाहून त्यांनी आधी नळी मोडून आत छर्रा नाही ना, आणि ती ताणलेली तर नाही ना, ते पाहिलं.

"घड्याळाची स्प्रिंग सुटली तर फार तर भुवई जाते," ते म्हणाले. "हिची सुटली तर सगळं डोकं. आत ती दाबूनच बसवलेली असते. मागची पिन काढलीत की उडाली! सुताराकडून लांब शिकंजा आणा, दोन्ही टोकांनी बंदूक त्यात आवळा, मग पिन काढा, आणि शिकंजा सावकाश, अगदी सावकाश सैल करा. आणि समोर उभे राहू नका."

हे सगळं जावईबापूंच्या चौदा कलमांत नव्हतं. कलम सहामध्ये 'हात स्वच्छ धुवावेत' होतं. पण घड्याळजींना त्यांनी, "तेच लिहिलंय मी," असं सांगितलं.

सुताराकडचा शिकंजा दोन दिवसांनी मिळणार होता. तोवर नुसती रंगीत तालीम करावी म्हणून जावईबापूंनी डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट चढवलं, पोटाला उशी बांधली, छातीवर रजई घेतली आणि बंदूक हातात धरून ते आरशापुढे उभे राहिले. खिडकी उघडी होती, आणि समोरच्या गच्चीवर सेक्रेटरी टाकीतलं पाणी बघायला चढले होते. त्यांना टाकीऐवजी पडद्याचा दांडा दिसला.

पाचव्या मिनिटाला दारात पाच माणसं. दोघांच्या हातात काठ्या, एकाच्या हातात पोळपाट.

"हत्यार बाळगता? तेही इमारतीत?" सेक्रेटरी म्हणाले. "चौकीतून लेखी आणा, नाहीतर मलाच कळवावं लागेल." हेल्मेटच्या आतून जावईबापूंनी बरंच स्पष्टीकरण दिलं, पण त्यातलं कुणाला काही ऐकू गेलं नाही, हे त्यांना मागाहून कळलं.

रजईत गुंडाळून आणलेली बंदूक चौकीतल्या हवालदारांनी उलटीसुलटी केली. "याला परवाना लागत नाही."

"मग तेवढं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"परवाना लागत नाही म्हणून."

"परवान्याचा फॉर्म आहे आमच्याकडे. न लागण्याचा फॉर्म नाही."

"मग परवानाच द्या."

"तो कसा देऊ? लागत नाही ना!"

मागे रांग वाढत होती. हरवलेलं पाकीट, चोरीला गेलेली सायकल, शेजाऱ्याचं कुत्रं, अशी सगळी खरी दुःखं घेऊन माणसं उभी होती, आणि पुढे हा रजईवाला. शेवटी हवालदारांनी तोड काढली. सापडलेल्या वस्तूंच्या वहीत बंदूक जमा केली, लगेच मालक हजर म्हणून परत केली, आणि पावती फाडली. 'जुनी बंदूक, एक, मोडकी. मालकास परत.'

"मालकाचा व्यवसाय?" त्यांनी विचारलं.

"सुरक्षा," जावईबापू अगदी हळू म्हणाले.

"मोठ्याने बोला."

"सुरक्षा!"

रांगेतून जो आवाज आला त्याला हसणंच म्हणतात. जावईबापूंचे कान तापले ते घरी पोचेपर्यंत तापलेलेच होते. पावती पाहून सेक्रेटरींचं मात्र समाधान झालं. त्यावर शिक्का होता.

प्रत्यक्ष उघडायचं काम मात्र बिनबोभाट पार पडलं, हे कबूल केलं पाहिजे. लाकडी दस्ता निघाला, शिकंजा बसला, घड्याळजींनी पिन ठोकून काढली आणि जावईबापूंनी श्वास रोखून एकेक आटा सैल केला. चार बोटं बाहेर आली आणि स्प्रिंग निपचित पडली. काही उडालं नाही, काही फुटलं नाही. तीन दिवस हेल्मेट घालून वावरलेल्या माणसाला याचं थोडं वाईटच वाटलं.

आत काळं चिकट वंगण, स्प्रिंग मधून वाकलेली, आणि दट्ट्याच्या तोंडाचा चामड्याचा वॉशर उन्हात राहिलेल्या चपलेसारखा कडक. जावईबापूंना हर्ष झाला. म्हणजे सासरेबुवा म्हणत होते ते खरंच होतं! दोष सापडला होता, आणि तो त्यांनी शोधला होता. हे त्यांनी त्या दिवशी कचेरीत चौघांना सांगितलं, त्यातल्या दोघांनी विचारलं नव्हतं.

स्प्रिंग तिसऱ्या दुकानात मिळाली. वॉशर कुठेच मिळेना. बूट शिवणाऱ्या म्हाताऱ्याने जुना वॉशर दाताखाली धरून पाहिला आणि म्हणाला, "असं मुरलेलं जाड चामडं आता येत नाही साहेब." मग त्याची नजर खाली उतरली आणि साहेबांच्या पोटावर थांबली. "तो पट्टा किती वर्षांचा?"

पट्ट्याचं टोक कापलं तर चालेल असं ठरलं होतं. पहिला वॉशर चुकला, दुसरा लहान झाला, तिसरा बरोबर निघाला तेव्हा पट्ट्याचं नुसतं बक्कल शिल्लक होतं. एका हाताने पँट धरून आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत वॉशर धरून जावईबापू रस्त्याने चालले असताना समोरून त्यांचे मोठे साहेब आले आणि त्यांनी हात पुढे केला. जावईबापूंनी वॉशर साहेबांच्या हातात दिला. दुसरं काय करणार?

वॉशर रात्रभर तेलात भिजवायचा, हे घड्याळजींनी सांगितलं होतं. बसवण्याआधी तो निथळून, पुसून कोरडा करायचा, हेही सांगितलं असावं. जावईबापूंनी उलट आणखी दोन चमचे तेल नळीत ओतलं. कंजूषपणा कशाला? खेळाच्या आधीच्या बुधवारी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, जुन्या रद्दीने गच्च भरलेल्या खोक्यावर त्यांनी घोडा ओढला. दाबलेल्या हवेने तेल पेटलं. धडाम! नळीतून निळा धूर निघाला आणि खिडकीची काच थरथरली.

इमारतीतल्या सगळ्यांना वर्षापूर्वी आपत्तीचं प्रशिक्षण जावईबापूंनीच दिलं होतं. ते किती उत्तम दिलं होतं हे त्या दिवशी दिसलं. अडीच मिनिटांत पाच मजले रांगेने, न धावता, कठडा धरून खाली उतरले. आजारी आजोबांना खुर्चीसकट आणलं. पटांगणात हजेरी झाली. एकच माणूस कमी भरला, आणि तो हेल्मेट घालून, धुराने काळवंडून, सगळ्यांच्या समोर येऊन उभा राहिला.

"काही नाही," तो म्हणाला. "तेल जास्त झालं."

 सेक्रेटरींनी फक्त बायकोकडे पाहिलं, आणि बायकोने जमिनीकडे.

"अहो, राहू द्या," त्या संध्याकाळी ती म्हणाली. "बाबांना सांगते मी, जमलं नाही म्हणून. माझा शब्द जाईल, जाऊ दे."

"मुळीच नाही!" जावईबापू म्हणाले. आणि इथे त्यांचं कौतुक केलं पाहिजे, कारण त्यांनी पुन्हा शिकंजा लावला, पुन्हा पिन काढली, तेल निपटून काढलं, वॉशर पुसला, आणि सगळं घड्याळजींच्या डोळ्यांदेखत परत जोडलं. शनिवारी घड्याळजींच्या दुकानामागच्या भिंतीपाशी वाळूची पोती रचून, नळी पोत्यावर टेकवून, जन्मात कधी नेम न धरलेल्या जावईबापूंनी पाच छर्रे मारले. पाचही शर्टाच्या बटणाएवढ्या जागेत!

घड्याळजींनी पुठ्ठा उजेडात धरला. "बंदूक शंभर टक्के नीट झाली. आता चुकला तर माणूस चुकेल," ते म्हणाले.

जावईबापूंनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं. पुठ्ठा घडी करून खिशात ठेवला. उद्या सासरेबुवा जिंकले, की मग तो हळूच काढून सगळ्यांत फिरवायचा, असा बेत होता.

रविवारी घरामागे वीसपंचवीस माणसं जमली होती. 'चार माणसं जास्त बोलवा' हे सासरेबुवांनी मनावर घेतलं होतं. खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत सासूबाई आणि बायको, अगदी ताठ. पोस्टमास्तर आपली बंदूक पुसत बसले होते. त्यांनी आपले पाच छर्रे मारून घेतले, त्यातले चार काळ्या गोलात लागले आणि टाळ्या झाल्या.

सासरेबुवा उठले. बंदूक हातात घेऊन त्यांनी नळी मोडली मात्र, त्यांचा चेहरा उजळला.

"वा! अहो, ताण बघा! नवी होती तेव्हाचा ताण आहे हा!" त्यांनी पुन्हा हाताने अंदाज घेतला. "जावईबापू, कमाल केलीत. मी उगाच बोलत होतो तुम्हाला." आणि त्यांनी सगळ्यांसमोर जावयाच्या पाठीवर थाप मारली. एकोणीस वर्षांतली पहिली. जावईबापूंचे डोळे भरून आले. बायको तर आजूबाजूच्यांना नुसतं हसून सांगत होती, सगळं घरीच केलं हो ह्यांनी.

पहिला छर्रा सुटला. आवाज कसा घट्ट, गोळीबंद. बांधावर माती उडाली, निशाणापासून हातभर दूर.

"सवय जायला हवी," सासरेबुवा म्हणाले. "जुन्या स्प्रिंगची सवय."

दुसरा. पुन्हा माती. तिसऱ्याला त्यांनी फार वेळ नेम धरला. जावईबापू बाजूलाच उभे होते, म्हणून त्यांना दिसलं. नळीचं टोक हवेत लहान लहान गोल काढत होतं. सासरेबुवा डोळा मिटत, उघडत, पुन्हा मिटत होते. छर्रा सुटला आणि त्यांनी मान न वळवता हळूच विचारलं, "लागला का हो?"

त्यांना दिसत नव्हतं. वीस पावलांवरचं ताटाएवढं निशाण त्यांना धड दिसत नव्हतं.

 दोन वर्षं. दोन वर्षं तो माणूस स्प्रिंगच्या आडोशाला सुखाने उभा होता. घरातल्या सगळ्यांना ते कळलं होतं का? सासूबाईंना नक्कीच, त्या मांडीवरच्या हातांकडे बघत बसल्या होत्या. कळलं नव्हतं ते एका शहाण्याला. त्याने स्वतःची हौस भागवायला तो आडोसा पिन काढून, शिकंजा लावून, नीट उपसून टाकला होता, आणि वर माणसं बोलवा म्हणाला होता. चारचौघांत म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढावं, तसं करून बसला होता तो. चौकीत वाटली, पटांगणात वाटली, ती काही लाजच नव्हती. लाज ही होती, आणि तिला तोंड लपवायला हेल्मेटही नव्हतं.

चौथा गेला. पाचवा गेला.  सासरेबुवा बंदुकीकडे बघत उभे राहिले आणि एकाएकी फार म्हातारे दिसायला लागले.

"ताण तर बरोबर आहे म्हणालात," पोस्टमास्तर म्हणाले. मनात वाईट काही नव्हतं बिचाऱ्यांच्या. ते उठून पुढे आले. "बघू, मी एक मारून बघतो. बंदुकीचाच दोष असेल तर कळेल तरी."

त्यांनी हात पुढे केला. सासरेबुवांनी बंदूक मागे घेतली नाही. ते काय कारण सांगणार होते?

"थांबा!" जावईबापू ओरडले. कारखान्यात भोंगा वाजतो तसा आवाज निघाला. "कुणी हात लावू नका! धोका आहे!" आणि मध्ये घुसून त्यांनी बंदूक काढून घेतली.

"काय झालं?"

"माझी चूक झाली. मी मागची पिन... मागची पिन उलटी बसवली. आत्ता लक्षात आलं. त्यामुळे नळी हलते. छर्रा कुठेही जाईल, डोळ्यांतही जाईल कुणाच्या. कितीही चांगला नेमबाज असू दे, हिचा नेम लागणारच नाही."

"पिनेला उलटंसुलटं असतं?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"हिच्या पिनेला असतं," जावईबापू म्हणाले. खिशातल्या हाताखाली पुठ्ठा होता. त्यांनी तो मुठीत चुरगळला.

सासरेबुवा त्यांच्याकडे बघत होते. ही बंदूक चाळीस वर्षं त्यांच्या हातातली. तिच्या पिनेला उलटं काय, सुलटं काय, हे त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? जावईबापूंनी नजर खाली घातली आणि ते वाट बघत राहिले.

"तरी मी म्हणत होतो!" सासरेबुवा कडाडले. "कागदाची कामं करा म्हटलं होतं की नाही? एक साधी पिन! एक पिन बसवता येत नाही माणसाला, आणि निघाले बंदुका दुरुस्त करायला! पंचवीस माणसांसमोर माझं हसं केलंत!" ते बोलत गेले तसतसा त्यांचा आवाज खणखणीत होत गेला, मान ताठ झाली. एकोणीस वर्षांचं साचलेलंही त्यांनी त्यातच उरकून घेतलं. तो परत घेतलेला स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा निघाला. माणसं हसायला लागली, पोस्टमास्तर म्हणाले, "अहो, जाऊ द्या, होतं असं," आणि कुणीतरी चहाची हाक दिली.

हे सगळं जावईबापूंनी सोसलं. बायकोकडे बघणं मात्र त्यांना सोसलं नाही. ती आधी लाल झाली, मग पांढरी, आणि मग खुर्चीवरून उठून तिने पर्स काखेला लावली.

"माझा शब्द होता तो," जवळून जाताना ती एवढंच म्हणाली. "चला घरी."

फाटकापाशी ती पाठमोरी उभी राहिली. जावईबापू चादर गोळा करत होते. बंदूक सासऱ्यांकडे ठेवावी की न्यावी, काही कळत नव्हतं. विचारायचा धीर नव्हता. तेवढ्यात सासरेबुवा स्वतःच बंदूक घेऊन फाटकापर्यंत आले आणि त्यांनी ती त्यांच्या हातांवर ठेवली.

"पुढच्या महिन्यापर्यंत होईल ना दुरुस्त?" खुर्चीवरून पोस्टमास्तरांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात?" सासरेबुवा मागे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले. "हे गृहस्थ करणार आहेत! माझ्या हयातीत काही होत नाही ती!"

मागे पुन्हा हशा उसळला. जावईबापू चादरीची गाठ मारायला गेले, पण मारता येईना, कारण सासऱ्यांचा हात अजून त्यांच्या मनगटावरच होता.

"सावकाश करा, जावईबापू," सासरेबुवा हळू आवाजात म्हणाले. "घाई नाही."

"बरं," जावईबापू म्हणाले. वर बघायची काही त्यांची हिंमत झाली नाही.